प्रवासातल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी सेलची निवड : प्रकल्प नोंदी, सोलापूर

१९ जानेवारी २०२५

दर सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने सोलापूरला परतायचे, असा माझा दोन वर्षांचा क्रम आहे. जाताना सुमारे चार तास आणि येताना चार तास मिळतात, आणि शास्त्रीय गायन निवांत ऐकायला आठवड्यात मला एवढाच वेळ सापडतो. हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) आहे. तो कान पूर्ण झाकतो, त्यामुळे डब्यातली गडबड बरीच कमी होते. परंतु मोबाइलला थेट जोडला की विलंबित ख्याल ऐकूच येत नाही, कारण मोबाइलचे व्होल्टेज त्याला पुरत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधायचे ठरवले. विद्युत मंडळ (सर्किट) निवडायला अडचण आली नाही. चू मॉय यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला, एका ऑप-अँपवर (सिग्नल वाढवणाऱ्या तयार चिपवर) चालणारा आराखडा जगभर हजारो लोकांनी बांधला आहे, आणि माझ्याकडे ओपीए२१३४ ही दोन अ‍ॅम्प्लिफायरची चिप आधीपासून होती. प्रश्न उरला तो बॅटरीचा, आणि या वहीत प्रामुख्याने त्याच्याच नोंदी असतील.

आज आधी कागदावर हिशेब केला. या हेडफोनला १ मिलीवॅट दिला तर ९६ डेसिबल आवाज मिळतो. मी ऐकतो तो सरासरी ८० ते ८५ डेसिबलला, परंतु तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान क्षणभर बरीच वर जाते, आणि त्या क्षणी आवाज फाटू नये यासाठी ११० डेसिबलपर्यंत वाव हवा, असे मी धरले. ९६ वरून ११० म्हणजे १४ डेसिबल जास्त, म्हणजे सुमारे २५ मिलीवॅट. २५० ओहमवर २५ मिलीवॅटसाठी २.५ व्होल्ट लागतात, आणि लहरीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजले तर ते ७.१ व्होल्ट होतात.

ऑप-अँप मात्र बॅटरीचे सगळे व्होल्टेज बाहेर देत नाही. ओपीए२१३४ च्या डेटाशीटनुसार ६०० ओहमच्या भारावर (आउटपुटला जोडलेल्या रोधावर) वरच्या बाजूला २.५ आणि खालच्या बाजूला २.२ व्होल्ट आतच राहतात. ७.१ मध्ये हे ४.७ मिळवले की ११.८ होतात. २५० ओहमवर यापेक्षा थोडे अधिकच लागेल, पण प्रवाह १४ मिलीअँपिअरच्या पुढे जात नसल्यामुळे मी हाच आकडा धरून पुढे जात आहे.

२६ जानेवारी २०२५

ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग खोचायच्या पाटीवर, मंडळ जुळवले. ९ व्होल्टची एक बॅटरी, तिचे दोन समान भाग करणारे ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, त्यांच्यावर २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारे भाग), आणि चालू असल्याचे दाखवणारा एक लाल एलईडी. बॅटरीच्या वाटेत मल्टिमीटर लावून प्रवाह मोजला, तो १०.९ मिलीअँपिअर भरला. त्यात चिपचे ८, रेझिस्टरच्या जोडीचा जवळपास १, आणि उरलेला एलईडीचा.

त्यानंतर किशोरी आमोणकरांचे गायन नेहमीच्या आवाजात लावले आणि काट्याच्या जुन्या मीटरवर नजर ठेवली. काटा जागचा हललाच नाही म्हटले तरी चालेल. हिशेब केला तर ते रास्तच आहे, कारण ८५ डेसिबलसाठी हेडफोनला मिलीवॅटच्या दहाव्या भागाहूनही कमी शक्ती लागते, म्हणजे अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह. बॅटरी संपते ती गाणे ऐकल्याने नव्हे, तर अ‍ॅम्प्लिफायर नुसता सुरू राहिल्याने. हे मला आधी ठाऊक नव्हते, आणि यामुळे माझा प्रश्नच बदलला. मी आजवर ‘किती मिलीअँपिअर-तासांची बॅटरी घेऊ’ असे विचारत होतो. ११ मिलीअँपिअरला आठ तास म्हणजे जेमतेम ८८ मिलीअँपिअर-तास, आणि एवढे तर साधी ९ व्होल्टची बॅटरीही देते. विचारायला हवे ते हे, की आठव्या तासाला, किंवा ऐंशीव्या तासाला, व्होल्टेज किती उरलेले असेल?

९ फेब्रुवारी २०२५

नवी पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणल्या, एक साधी कार्बन-झिंकची आणि एक अल्कलाइन. दुकानातले काका चाळीस वर्षे रेडिओ आणि टेप दुरुस्त करीत आहेत. मी वेष्टनावरचे आकडे वाचत उभा होतो, तेव्हा ते म्हणाले, “ते छापलेलं राहू द्या की हो. घरी जाऊन भार टाकून बघा, बॅटरी स्वतःच बोलते.” त्यांनी खणातून ४७० ओहमचा एक रेझिस्टर काढून हातावर ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी तसेच केले. कार्बन-झिंकची बॅटरी मोकळी असताना ९.४ व्होल्ट दाखवीत होती, रेझिस्टर लावताच ८.७ वर आली. म्हणजे तिचा अंतर्गत रोध ३८ ओहमच्या घरात आहे. अल्कलाइन ९.४२ वरून ९.३८ वर आली, म्हणजे तिचा २ ओहम. दोन्हींचे बाह्य माप एकच, दोन्हींवर ‘९ व्होल्ट’ असेच छापलेले, आणि तरी आत एवढा फरक. संगीतात थाप पडते तेव्हा प्रवाह क्षणात वाढतो, आणि ३८ ओहमच्या बॅटरीचे व्होल्टेज त्या क्षणी खाली झुकते. कपॅसिटर ते काही अंशी सावरतात, पूर्णपणे नाही.

पुढचे काही दिवस दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने अ‍ॅम्प्लिफायरवर चालवल्या आणि तासातासाला व्होल्टेज लिहून ठेवले. कार्बन-झिंक १५ तासांत ७ व्होल्टवर आली, अल्कलाइनला त्यासाठी २९ तास लागले. मात्र ७ व्होल्टवर माझ्या हिशेबाने हेडफोनला टोकापासून टोकापर्यंत जेमतेम २.३ व्होल्ट मिळतात, आणि खरोखरच तिथे मध्यम आवाजातही तबल्याचा ‘धा’ चिरका येऊ लागला. अगदी नव्या बॅटरीवरही मिळतात ते ४.७ व्होल्ट, हवेत ७.१. याचा अर्थ एकट्या ९ व्होल्टच्या बॅटरीने हे काम मुळातच होणार नाही. ३२ ओहमच्या हलक्या हेडफोनचे गणित निराळे असते, आणि चू मॉय यांच्या आराखड्यात ९ व्होल्टची एक बॅटरी का पुरते हे त्यामुळे समजण्यासारखे आहे.

२३ फेब्रुवारी २०२५

९ व्होल्टच्याच आकारातल्या दोन रिचार्जेबल, म्हणजे निकेल-मेटल-हायड्राइडच्या बॅटऱ्या मागवल्या. यांच्या आत १.२ व्होल्टचे सात छोटे सेल असतात, म्हणून प्रत्यक्षात त्या ८.४ व्होल्टच्या आहेत. २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने वावरणाऱ्या अभियंत्याने प्रसिद्ध केलेल्या ‘ऑब्जेक्टिव्ह२’ या आराखड्यातही अशाच दोन बॅटऱ्या आहेत, आणि त्यामागचे कारण आता मला पटले. दोन बॅटऱ्यांचा मधला सांधा हीच ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची जागा, झाली, की रेझिस्टरच्या जोडीने कृत्रिम मध्यबिंदू तयार करावा लागत नाही, एक मिलीअँपिअर वाचतो, आणि हेडफोनमधून परत येणारा प्रवाह थेट बॅटरीत जातो.

फरक पहिल्याच आलापाला कळला. आवाज मोठा झाला एवढेच नव्हे, तर तंबोऱ्याच्या खर्जाखाली जी एक धूसरता जाणवत होती, ती गेली. बॅटरीवर २०० मिलीअँपिअर-तास छापले आहेत.

३ मार्च २०२५

आजचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवतो, कारण यात हेडफोन जळू शकला असता.

बॅटऱ्या किती तास टिकतात हे पाहण्यासाठी काल सकाळपासून अ‍ॅम्प्लिफायर सुरू ठेवला होता. सुदैवाने हेडफोनऐवजी २७० ओहमचा रेझिस्टर जोडलेला होता. सतराव्या तासानंतर सहज त्याला हात लागला, तर तो चांगलाच तापलेला. मल्टिमीटर लावला, तेव्हा आउटपुटवर उणे ५.४ व्होल्ट स्थिर उभे होते. म्हणजे १०८ मिलीवॅट, आणि तेही सतत एकाच दिशेने. या हेडफोनची सोसण्याची मर्यादा १०० मिलीवॅट सांगितलेली आहे. मी हेडफोन लावून बसलो असतो, तर त्याच्या आतली केसासारखी बारीक तार त्या उष्णतेत किती वेळ टिकली असती, हे सांगता येत नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. एलईडी मी फक्त धन बाजूच्या बॅटरीवर जोडला होता. त्यामुळे तिच्यातून १० मिलीअँपिअर जात होते आणि ऋण बाजूच्या बॅटरीतून ८. अठरा तासांच्या सुमाराला धन बाजू संपली आणि ऋण बाजूत मात्र पाचवा हिस्सा शिल्लक राहिला. निकेलचे सेल शेवटी हळूहळू उतरत नाहीत, एकदम कोसळतात. ओपीए२१३४ चे इनपुट दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजपासून किमान २.५ व्होल्ट आत असावे लागते. माझे इनपुट ग्राउंडवर होते, आणि धन बाजू २.५ च्या खाली घसरताच चिपचा तोल गेला व आउटपुट ऋण टोकाला जाऊन चिकटले.

दोन गोष्टी यापुढे पाळायच्या. कोणताही भार एकाच बाजूवर लावायचा नाही, एलईडीसुद्धा दोन्ही बाजूंच्या मिळून एकत्रित व्होल्टेजवर. आणि सेल संपत आले की दोन्ही बाजू एकाच वेळी आपोआप तोडणारी व्यवस्था असल्याशिवाय हा अ‍ॅम्प्लिफायर कानाला लावायचा नाही. ऑब्जेक्टिव्ह२ मध्ये एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) आणि दोन मॉसफेट (विजेवर चालणारे स्विच) मिळून हेच काम करतात, हे मी वाचले होते, परंतु त्याला अनावश्यक समजून सोडून दिले होते.

१६ मार्च २०२५

लिथियम-आयनचा विचार न करता पुढे जाणे योग्य नव्हते. १८६५० आकाराचे चार सेल सलग जोडले तर भरलेले असताना १६.८ व्होल्ट मिळतात, आणि प्रत्येक सेल ३ व्होल्टवर थांबवला तर शेवटी १२ उरतात, म्हणजे माझ्या ११.८ च्या वरच. घरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन सेल होते. आणखी दोन बाजारातून आणले. त्यांवर ‘९८०० एमएएच’ (मिलीअँपिअर-तास) असे ठळक छापले होते. या आकाराचे चांगल्यातले चांगले सेल साधारण ३५०० च्या आसपास असतात, म्हणून शंका आली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिले. लॅपटॉपचा सेल ४६ ग्रॅम भरला, नवा ३३ ग्रॅम. चार्जरवर उतरवून मोजले, तर ११४० मिलीअँपिअर-तास. विक्रेत्याला परत नेऊन दिले, त्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून कोणताही सेल घेतला की आधी काटा काढायचा, ही सवय लावून घेतली आहे. सेलचे वजन आतल्या द्रव्याचे असते, आणि ते छापून वाढवता येत नाही.

चांगले सेल मिळणार नाहीत असे नाही. तरीही या कामासाठी लिथियम नको, असे माझे मत बनत चालले आहे. हे सेल सुमारे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असे बनवणारेच सांगतात, आणि सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पत्र्याच्या कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. भरलेल्या अवस्थेत अशा उष्णतेत ठेवलेला लिथियम सेल आपली क्षमता कायमची गमावत जातो. शिवाय चार सेलांचा समतोल राखणारे संरक्षक मंडळ हवे, १६.८ व्होल्टचा वेगळा चार्जर हवा, आणि वाटेत सेल संपले तर कुर्डुवाडीच्या फलाटावर त्याला पर्याय मिळणार नाही.

२३ मार्च २०२५

लॅपटॉपच्या दोन सेलांवर व्होल्टेज वाढवणारे छोटे तयार मॉड्यूल, एमटी३६०८ चिपचे, लावून पाहिले. १४ व्होल्टवर ठेवले. गाणे थांबले की कानात पावसाळी किड्यासारखी अगदी बारीक किरकिर ऐकू येते. ही चिप १.२ मेगाहर्ट्झवर चालते, जे कानाला ऐकू येणे शक्य नाही. परंतु भार १० मिलीअँपिअरइतका हलका असला की ती मधूनमधून थांबते आणि थांबून पुन्हा सुरू होते, आणि या थांबण्याची लय ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते. १०० मायक्रोहेन्रीचे कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मध्ये घातल्यावर किरकिर पुष्कळ कमी झाली, पण रात्री घर शांत असताना मला ती सापडतेच. ज्या यंत्राचा हेतूच शांततेतले सूर ऐकणे हा आहे, त्यात हे मला चालणार नाही. मॉड्यूल काढून ठेवले.

६ एप्रिल २०२५

निवड झाली. रिमोटमध्ये घालतो ते बारीक पेन्सिल सेल, म्हणजे एएए, निकेल-मेटल-हायड्राइडचे, सहा धन बाजूला आणि सहा ऋण बाजूला.

बारा हा आकडा पहिल्या दिवशीच्या हिशेबातूनच आला. मला शेवटपर्यंत ११.८ व्होल्ट हवेत, आणि निकेलचा सेल १ व्होल्टपर्यंत आला की तो संपला असे धरतात. बारा सेल, बारा व्होल्ट. मधल्या मोठ्या सपाट टप्प्यात प्रत्येक सेल १.२ च्या थोडा वर असतो, म्हणजे एकूण साडेचौदा. एका सेलचे वजन १२ ग्रॅम, बारांचे १४५ च्या आसपास. ९ व्होल्टच्या आकारातल्या दोन बॅटऱ्या यापेक्षा हलक्या आहेत हे खरे, पण त्यांच्या आतले सात सेल बंद वेष्टनात असतात, आणि त्यातला एक जरी दुबळा निघाला तरी संपूर्ण बॅटरी टाकून द्यावी लागते. इथे प्रत्येक सेल बाहेर काढून स्वतंत्रपणे मोजता येतो. क्षमता ७५० मिलीअँपिअर-तास, म्हणजे तिप्पटीहून जास्त. आणि अगदीच अडले, तर बारा अल्कलाइन सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. ते नवे असताना एका बाजूला ९.६ व्होल्टपर्यंत जातील, जे या चिपच्या १८ व्होल्टच्या मर्यादेच्या खूप खाली आहे.

एए आकाराचे, म्हणजे मोठे पेन्सिल सेल का नकोत, हाही विचार केला. त्यांची क्षमता २००० असते, पण बारांचे वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या घरात जाते.

सोळा सेल घेतले. चार खणांच्या, प्रत्येक सेलची क्षमता वेगळी दाखवणाऱ्या चार्जरवर सगळे भरून, उतरवून मोजायला नऊ दिवस लागले. त्यातून एकमेकांच्या जवळचे बारा निवडले, सर्वांत कमी ७४१ आणि सर्वांत जास्त ७८३. सलग जोडलेल्या सेलांत एक लवकर संपला तर उरलेले त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात आणि तो कायमचा बिघडतो, म्हणून ही जुळवणी टाळता येत नाही. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातले. उरलेले चार घड्याळांना आणि टीव्हीच्या रिमोटला गेले.

२० एप्रिल २०२५

तोडणारी व्यवस्था बसवली. कंपॅरेटर दोन्ही बाजूंचे एकत्रित व्होल्टेज पाहतो आणि ते १२ च्या खाली गेले की दोन मॉसफेट दोन्ही बाजू एकदम तोडतात. प्रत्येक बाजूसाठी वेगळा पहारेकरी नेमला नाही, कारण एक बाजू साडेआठच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे बेरीज १२ होईल तेव्हा दुसरी बाजू साडेतीनच्या खाली नसेल, आणि चिपला २.५ हवेत. अल्कलाइन सेल वापरायची वेळ आली तर हे अंतर उरत नाही, म्हणून तेव्हा बाराच्या बारा एकदमच बदलायचे.

पहिल्या चाचणीत एक दोष निघाला. १२ वर अ‍ॅम्प्लिफायर बंद झाला, आणि चार मिनिटांनी ‘धप्’ असा आवाज करून आपोआप पुन्हा सुरू झाला. भार सुटला की निकेलचा सेल विसावतो आणि त्याचे व्होल्टेज पुन्हा वर येते. मी १३ वर परत सुरू होण्याची मुभा ठेवली होती आणि सेल तेवढे वर आले. आता एकदा तुटले की बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते जोडलेच जात नाही, असा बदल केला आहे.

एलईडीला २२ किलोओहमचा रेझिस्टर दिला, त्यामुळे तो अर्ध्या मिलीअँपिअरवर मंद जळतो, रात्रीच्या डब्यात तेवढा पुरतो. एकूण प्रवाह ९.३ मिलीअँपिअर. अ‍ॅल्युमिनियमची पेटी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून वाकवून घेतली. सेलहोल्डरच्या स्प्रिंगा मात्र समाधानकारक नाहीत, बारा सेलांचे चोवीस सांधे होतात आणि इथली धूळ बारीक आहे. प्रत्येक सांधा कापडाने पुसून घेतला.

११ मे २०२५

उन्हाळ्याची एक नोंद. माझ्याकडे काही वर्षांपूर्वीचे जुन्या प्रकारचे निकेल सेल होते. त्यांतले दोन आणि नव्यांसारखेच कमी गळणारे दोन, असे चार सेल पूर्ण भरून १० एप्रिलला माळ्यावर ठेवले होते. काल काढून मोजले. जुन्यांत निम्म्याहून कमी उरले होते, नव्यांत दहातले नऊ भाग शिल्लक. उष्णता जसजशी वाढते तसतशी सेलच्या आतली आपोआप गळती झपाट्याने वाढते, आणि सोलापूरच्या माळ्यावर ती पुरेपूर दिसते. वेष्टनावर कमी स्वयंगळतीचा उल्लेख असेल तेच सेल इथे घ्यावेत.

चार्जिंग पहाटे करतो. निकेलचा सेल भरल्याचे चार्जरला व्होल्टेजच्या अगदी छोट्या घसरणीवरून, काही मिलीव्होल्टवरून, कळते, आणि दुपारच्या उकाड्यात तापलेल्या सेलवर ती खूण पुसट होते. माझ्या चार्जरने एकदा एक सेल हाताला चटका बसेल इतका तापेपर्यंत सोडला नाही. बारा सेल म्हणजे चारचार करून तीन फेऱ्या. कंटाळवाणे आहे, परंतु महिना-दीड महिन्यातून एकदाच करावे लागते.

९ जून २०२५

२० एप्रिलला भरलेले सेल आज संपले. वहीत प्रत्येक वेळची सुरुवात आणि शेवट लिहीत गेलो, त्यांची बेरीज ७४ तास होते. हिशेबाने ८० यायला हवे होते. पन्नास दिवसांत उन्हाळ्यात जी गळती झाली, तिच्यात उरलेले सहा गेले असावेत.

परतीच्या गाडीत होतो. दौंड सोडून बराच वेळ झाला होता, बाहेर पाऊस होता, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचा राग संपत आला असताना कोणताही आवाज न करता सारे शांत झाले. एलईडी विझला होता. बटण बंद-चालू केले, पाच-सहा मिनिटे चालून पुन्हा थांबले. पुन्हा लावले नाही. घरी पोहोचल्यावर सेल एकेक काढून मोजले, सगळे १.०८ ते १.१४ च्या दरम्यान विसावलेले होते, फक्त ७ क्रमांकाचा ०.९६ वर. तो वेगळा ठेवला आहे, पुढच्या फेरीत त्याची क्षमता पुन्हा मोजायची.